मोर्णेच्या वाळूतल्या बाटल्या

दुकानात कोणी पेला रिकामा करून खाली ठेवला की बाई विचारायच्या, "कशी लागली?"

बहुतेक जण म्हणायचे, "चांगली."

इथे प्रकरण मिटायला हवं. बाईंचं मात्र इथूनच सुरू व्हायचं. "चांगली म्हंजे काय? जिभीले चांगली लागली का घशाले? कालच्यापेक्षा बरी का वाईट? सांगतल्याबिगर उठाचं नाई." मोहाची दारू पोटात गेलेला तो बिचारा माणूस. त्याला धड उठून घर गाठायची पंचाईत, त्यात ही उलटतपासणी! एकदा एक गाडीवान वैतागून म्हणाला, "बाई, मी दारू प्याले आलो, कचेरीत साक्ष द्याले नाई."

"मंग जाय हौदावर," बाई म्हणाल्या. "तिथं बैलं पेतात. त्यायले कोनी इचारत नाई."

गाडीवान परत बसला आणि डोकं खाजवून म्हणाला, "आज जराशी धुरकट लागली." बाईंनी लगेच मागच्या भट्टीवरच्या माणसाला हाक मारली आणि लाकडं ओली का वापरली म्हणून त्याची हजेरी घेतली.

हे सगळं मी भिंतीपलीकडून ऐकायचो. मी त्यांचा भाडेकरू. राहणारा अमरावतीचा, अकोल्याच्या सरकारी शाळेत मास्तर म्हणून नुकताच लागलो होतो. तेव्हा अमेरिकेत लढाई जुंपलेली होती आणि तिकडचा कापूस अडकल्यामुळे विलायतेच्या गिरण्यांना आमच्या वऱ्हाडच्या कापसावाचून गत्यंतर नव्हतं. मुंबईचे दलाल, दलालांचे कारकून, रूळ टाकायला आलेले गोरे आणि काळे, सगळे अकोल्यात येऊन पडले होते. गावातली ओसरी न् ओसरी भरली होती. ब्राह्मणाघरी खोली शोधून पाय दुखले, तेव्हा कुठे एका घराच्या मागच्या अंगाला खोली मिळाली. घराच्या पुढच्या अंगाला होतं दारूचं दुकान. घरमालकीण कलालीण. अमरावतीहून आत्यानं निरोप धाडला, की इकडे येशील तेव्हा आधी विहिरीवर आंघोळ कर आणि मग दार वाजव.

पहिल्याच दिवशी बाई माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या. उंच, वाळक्या, नाकात काळी पडलेली मोरणी, कमरेला किल्ल्या. वय साठीकडे झुकलेलं.

"माह्या घरचं पानी तुमाले चालनार नाई, मले मालूम हाये," त्या म्हणाल्या. "गल्लीच्या तोंडाशी बामनायची हीर हाये, तिथून आनत जा. पर बोलल्यानं इटाळ होत नसन तं माह्याशी बोलत जा, मास्तर. दिसभर पेलेल्या मानसायशी बोलून मले कंटाया आला."

हे बोलताना त्या माझ्या तोंडाकडे बघत नव्हत्या. गळ्याकडे बघत होत्या. मला वाटलं, सदऱ्याला काही लागलंय. मग कळलं की बाई सगळ्यांच्याच गळ्याकडे बघतात. "मानसाचं तोंड खोटं बोलते," त्या म्हणत, "घसा नाई बोलत. आवडलं तं गटकन खाली जाते, नाई आवडलं तं गाठ अटकते." गावातली माणसं त्या चेहऱ्यावरून न ओळखता घशाच्या गाठीवरून ओळखायच्या. मला त्या नजरेची इतकी धास्ती बसली की पहिला महिनाभर मी उकाड्यातही गळ्याभोवती उपरणं गुंडाळून वावरलो.

बाई स्वतः दारूचा थेंब घेत नसत. तळहातावर जराशी ओतायच्या, दोन्ही हात चोळायच्या, वास घ्यायच्या आणि हात लुगड्याला पुसून निकाल द्यायच्या. नवरा जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. भट्टी आणि दुकान त्या एकट्या चालवत. पण दुकानदारीपेक्षा त्यांना खरी हौस होती ती माणसाला काय गोड लागतं आणि का लागतं, हे जाणून घ्यायची. यातून माझी शाळाही सुटली नाही. संध्याकाळी मी परत आलो की त्या विचारायच्या, "आज पोट्ट्यायले काय पाजलं?"

"त्रैराशिक," मी सांगे.

"मंग? गिळलं त्यायनं का तोंडात धरून बसले?"

पहिल्यांदा मला राग आला. मग एक दिवस वर्गात शिकवता शिकवता मी सहज पोरांच्या तोंडाकडे बघितलं, तर सगळे अगदी तोंडात धरून बसले होते. त्या दिवसापासून माझं शिकवणं बदललं, हे मी इतक्या वर्षांनी कबूल करतो.

कापसाचा भाव चढत गेला तसं बाईंच्या दुकानातलं गिऱ्हाईक कमी होऊ लागलं. ऐकायला उफराटं वाटेल, पण झालं तसंच. हातात पैसा आला की माणसाला कालचं नको होतं. साहेबांच्या बंगल्यांकडे मुंबईच्या एका दुकानदारानं बाटल्यांचं दुकान थाटलं होतं. तिथे विलायती दारू, ब्रँडी आणि बीर मिळे. बीर म्हणजे बिअर. अकोल्यात तेव्हा सगळे बीरच म्हणत. तेल्हाऱ्याकडचे, बाळापुराकडचे शेतकरी कापसाची गाडी विकली की डोक्याला नवा फेटा बांधून थेट त्या दुकानावर जायचे. बाईंच्या बाकांवर उरले ते हमाल आणि म्हातारे.

दुसरा कोणी असता तर कपाळाला हात लावून बसला असता. बाईंनी एके दिवशी सकाळीच दुकानाला कुलूप घातलं, डोक्यावर पदर घेतला आणि बंगल्यांकडे चालत्या झाल्या. त्या दुकानासमोर लिंबाचं झाड होतं. त्याच्याखाली दिवसभर बसून राहिल्या. दिवेलागणीला परत आल्या त्या थेट माझ्या दाराशी.

"मास्तर, ते पेत नाईत," त्या म्हणाल्या.

"कोण?"

"आपले लोक. बीर घेतात, पर पेत नाईत. एक पाटील पायला. बाटली उघडली, एक घोट घेतला न् तोंड असं केलं जसं काडेचिराईत प्याला. चारी मेरं पायलं, कोनी पाहून तं नाई राहिलं. मंग हयू हयू सारी बीर झाडाच्या बुडाशी ओतली. न् रिकामी बाटली फेट्यात बांधून घरी घेऊन गेला, लेकरू नेल्यावानी."

"मग घेतात कशाला?"

"दाखवाले!" बाई खूश होऊन म्हणाल्या. धंदा बुडत होता, पण एक कोडं सुटल्याचा आनंद त्यांच्या तोंडावर मावत नव्हता. "पर त्यात एक गोष्ट हाये मास्तर. गोरे लोक ते खरंच पेतात. गटगट पेतात. इतकं कडू पानी कोनी गटगट काहून पेईन? कायतरी असन त्याच्यात."

आणि ते "कायतरी" शोधायला बाईंनी बीर मागवली.

रेल्वे तेव्हा अकोल्यापर्यंत पोचली नव्हती. रूळ जिथवर आले होते तिथवर माल आगगाडीनं यायचा, पुढे बैलगाडीनं. दिवस वैशाखाचे. बाई स्वतः गाडीवानाबरोबर पेट्या आणायला गेल्या. गाडीवर सावलीला ताडपत्री होती. त्या तापलेल्या ताडपत्रीखाली, रस्त्यावरच्या खाचखळग्यांत हिंदकळत त्या बाटल्या अकोल्यात शिरल्या. मी शाळेतून परतताना कापसाच्या बाजाराजवळ होतो, त्यामुळे पुढचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं.

आधी एक बार उडाल्यासारखा आवाज आला. मग दुसरा, मग लागोपाठ. बाटल्यांची बुचं उडत होती. बैल बिथरले आणि गाडी घेऊन कापसाच्या ढिगांत घुसले. दलाल पळाले, हमाल पळाले, कोणीतरी ओरडलं, "पेंढारी आले!" गाडी एका ढिगात अडकून तिरकी उभी राहिली. फेस सगळीकडे उडत होता आणि मधोमध बाई बसल्या होत्या. डोक्यापासून पायापर्यंत भिजलेल्या, केसांना कापूस चिकटलेला.

मग जे हसू फुटलं ते आवरेना. मी पुढे होऊन त्यांना हात द्यायला गेलो. बाईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मनगटावरून फेस ओघळत होता, तो त्यांनी जिभेनं टिपला. साठ वर्षांत दारू न चाखलेली बाई भर बाजारात मनगट चाटत होती! डोळे मिटून चव घोळवली आणि म्हणाल्या, "कडू हाये. पर मांगून दान्याचा वास येते, मास्तर. भाजलेल्या दान्याचा. हे तं वावरातलं हाये!"

ज्या बाटल्या वाचल्या त्या बाईंनी गावाकडेच्या मोर्णा नदीच्या पात्रात पुरल्या. उन्हाळ्यात नदी अगदी बारीक होते, पण वरची वाळू बाजूला सारली की खालची ओली आणि गार लागते. त्या ओल्या वाळूत बाटल्या आडव्या, वर कडब्याची सावली, आणि सावलीत राखणीला भट्टीवरचा म्हातारा. गार बीर अकोल्यात आणखी कुठेच मिळत नव्हती. बंगल्यांकडच्या दुकानातली बीर चहासारखी ऊन असे.

असा तिथे एक गोरा मुकादम आला. रूळ टाकणाऱ्या टोळीवरचा. लालबुंद, भुवयासुद्धा उन्हानं पांढऱ्या पडलेल्या. त्याला कोणीतरी सांगितलं होतं की नदीत कलालीण बीर पिकवते. वाळूतच मांडी घालून त्यानं एक बाटली रिकामी केली. बाई त्याच्या गळ्याकडे बघत उभ्या होत्या. मी दुभाष्या म्हणून बरोबर होतो, पण माझी गरज पडली नाही.

"कैसी लगी?" बाईंनी विचारलं.

त्यानं रिकामी बाटली वाळूत रोवली. मग म्हणाला, "घर का माफिक." आणि उलट्या हातानं डोळे पुसले.

नंतर तो वरचेवर येऊ लागला. त्याच्याकडून बाईंनी काढून घेतलं की त्याच्या गावी त्याची आईसुद्धा बीर करायची. जव भिजवायचे, मोड आणायचे, भाजायचं, उकळायचं, आंबवायचं. "दारू नहीं," तो म्हणायचा, "पानी. मा पीता, बच्चा पीता, सब पीता." त्याच्या गावचं पाणी वाईट, म्हणून घराघरात पातळशी बीर असे. हे ऐकल्यावर बाईंच्या डोळ्यांत जी चमक आली ती मला अजून दिसते. अकोल्याचं पाणी तरी कुठे धड होतं? विहिरी खारट. भर उन्हात दोन तांबे प्यायलं तरी घशाची कोरड जायची नाही.

मग आमच्या घरात जे सुरू झालं त्याला मी नाव देऊ शकत नाही. जव वऱ्हाडात कोण पेरणार? बाईंनी ज्वारी घेतली. भिजवून मोड आणले, अंगणात वाळवले, भाजले, भरडले. कडूपणासाठी कडुलिंबाचा पाला टाकला. पहिला घोट गोऱ्या मुकादमाला दिला. त्यानं तो मोर्णेत थुंकला आणि पोट धरून हसला. बाईंनी पाला बंद केला. दुसऱ्या खेपेला झाली आंबील, चांगली दाट. तिसऱ्या खेपेला मडकी फुटली आणि दोरीवरच्या माझ्या धोतरांवर नक्षी उमटली. गल्लीत असा वास सुटला की शेजारच्या ब्राह्मणविहिरीवरच्या बाया नाकाला पदर लावून पाणी भरू लागल्या. तक्रार माझ्याकडे आली, कारण बाईंकडे करायची कोणाची छाती नव्हती.

"बाई, आता पुरे करा," मी एकदा काकुळतीला येऊन म्हणालो.

"तुमचा एखादा पोट्टा तीनदा चुकला तं त्याले शायेतून काहाडता काय?" त्यांनी विचारलं. मी धोतरं घेऊन आत गेलो.

शेवटी जमलं ते मोहानं. आंबायला लावताना बाईंनी त्यात मूठभर वाळकी मोहाची फुलं टाकली. एका रात्रीत मडक्याला बारीक फेस आला. त्यात आलं ठेचून घातलं, गूळ घातला, लिंबू पिळलं आणि बंगल्यांकडून मुलांकरवी गोळा केलेल्या रिकाम्या बाटल्यांत भरून बुचं ठोकली, ती सुतळीनं बांधली आणि बाटल्या वाळूत पुरल्या. उघडली की फस्सकन आवाज व्हायचा आणि भाजल्या ज्वारीचा, आल्याचा, मोहाचा असा वास यायचा की तहान नसलेल्याला तहान लागावी. बाईंनी तिचं नाव बीरच ठेवलं. "माही बीर," त्या म्हणायच्या.

पण हे जमेपर्यंत दिवस फिरले होते. अमेरिकेतली लढाई संपली, विलायतेच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळू लागला, आणि इकडचा भाव धाडकन खाली आला. नवे फेटे दिसेनासे झाले. बंगल्यांकडचं बाटल्यांचं दुकान एका आठवड्यात उठलं. गोऱ्या मुकादमाची टोळी रूळ टाकत पुढे बडनेऱ्याकडे सरकली. जाताना त्यानं बाईंचे दोन्ही हात धरून हलवले. काय बोलला ते मलाही कळलं नाही, पण बाईंना कळलं असावं.

बाईंच्या जुन्या बाकांवर मात्र पुन्हा गर्दी झाली. ज्यांनी बाटल्या मिरवल्या होत्या ते आता मोहाची मागायला आले आणि मुकाट्यानं, लवकर लवकर पिऊ लागले. धंदा असा चालला होता की दुसऱ्या कोणी दिवाळी केली असती. बाई दिवसेंदिवस गप्प होत गेल्या. "कशी लागली" विचारणंसुद्धा त्यांनी सोडलं.

"काय झालं?" मी विचारलं.

"हे चव घेऊन नाई राहिले मास्तर. घसा पायला तं नुसतं ओतून राहिले, मोरीत ओतल्यावानी." मग त्या म्हणाल्या, "मोहाची दारू दुखासाठी पेतात, न् माही बीर तहानेसाठी. दुखाचं गिऱ्हाईक आज हाये, उद्या मरून जाते. तहान तं रोजची हाये."

मोहाच्या हंगामात हिवरखेडच्या वाटेनं डोंगरातली माणसं फुलांच्या टोपल्या घेऊन आली, तेव्हा बाईंनी बीरपुरतीच फुलं घेतली आणि भट्टी विझवली. आम्ही सगळ्यांनी कपाळावर हात मारून घेतला. कारण त्यांची बीर कोणी पीत नव्हतं. बाकावरचे म्हणायचे, "हे चढत नाई, हे काहाची बीर?" आणि रस्त्यावरचे म्हणायचे, "कलालणीच्या घरचं, म्हंजे दारूच." पिणाऱ्यांना ते पाणी वाटे आणि न पिणाऱ्यांना दारू. बाई दुकानाच्या पायरीवर बसून राहायच्या. आत बाटल्यांची रांग, आणि बाहेरून जाणारा एकही माणूस थांबत नसे. असे दिवस गेले, आठवडे गेले. म्हाताऱ्या भट्टीवाल्याला त्यांनी दुसरीकडे काम बघायला सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज पहिल्यांदा बारीक झालेला मी ऐकला.

त्या रविवारी बाई बाटली घेऊन माझ्या दाराशी आल्या.

"मास्तर, तुमी पेले तं लोक पेतीन."

मला आत्या आठवली, मुंज आठवली, हेडमास्तर आठवले. इतकी वर्षं मी त्या घरात गल्लीच्या विहिरीचं पाणी आणून पीत होतो.

"माहं भांडं नाई देत तुमाले," त्या म्हणाल्या. "बाटली हाये, काचेची. बूच तुमीच उघडा. नाई म्हनलं तरी मले राग येनार नाई."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्या पहिल्यांदाच माझ्या गळ्याकडे न बघता तोंडाकडे बघत होत्या. मी सुतळी सोडली.

बूच उडालं ते अंगणापलीकडे. पहिल्या घोटाला नाकात झिणझिण्या आल्या, दुसऱ्याला आलं घशात उतरलं, आणि मग मी बाटली खाली ठेवलीच नाही. संपली तेव्हा अंगणाच्या कुंपणापाशी माणसं गोळा झाली होती. मास्तर पितोय ही बातमी गल्लीत वाऱ्यासारखी गेली होती.

"आता म्हना," बाई मोठ्यांदा म्हणाल्या.

"काय म्हणू?"

"तुमच्या शायेतलं सगळ्यात अवघड जे असन ते. चढली असन तं चुकान."

मी उभा राहिलो आणि औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, म्हणायला सुरुवात केली. एक औट औट, बे औटे सात, तीन औटे साडेदहा. कुंपणापाशी माझेच विद्यार्थी उभे होते, त्यांचे बाप उभे होते. माझी औटकी संपेपर्यंत कोणी हललं नाही. मग कोणीतरी म्हणालं, "आता उलटी म्हना." मी उलटी म्हटली. एका पायावर उभं राहून म्हणायला सांगितलं, तीही म्हटली. शेवटी एक म्हातारा माळकरी पुढे आला आणि म्हणाला, "बाई, दे वं एक बाटली. ह्या मास्तरानं न चुकता म्हनली, आमी तं पानी पेऊन बी नाई म्हनू शकत."

दुसऱ्या दिवशी हेडमास्तर माझ्या खोलीवर आले. अत्यंत कडक माणूस. "तुम्ही मद्यप्राशन करून पाढे म्हणता असं ऐकतो," ते म्हणाले. मी घामाघूम. बाईंनी दारातून एक बाटली आत सरकवली आणि निघून गेल्या. हेडमास्तरांनी बुचाचा वास घेतला, बाटली उजेडाकडे धरली, आणि "तपासली पाहिजे" असं म्हणून उपरण्याखाली घालून नेली. माझी ती रात्र कशी गेली ते मलाच ठाऊक. सकाळी त्यांच्या घरची मोलकरीण आली. रिकामी बाटली माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "बाईसाहेबायनं आनखी दोन मागतल्या. साहेबायले सांगू नका म्हनल्या."

बाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या हसल्या नाहीत. पायरीवर बसून विचारात पडल्या. "मास्तर, अर्धं गाव माह्या दुकानासमोरून खाली मान घालून जाते. बायायले काय तहान लागत नसन? सारी जिंदगी मी गडीमानसायचेच घसे पाह्यत बसली."

रूळ टाकून झालेच होते, आता अकोल्याला गाडीही यायला लागली. बाईंच्या बाटल्या टोपलीत घालून म्हातारा भट्टीवाला ठेसनावर फिरू लागला. तो परत आला होता. बंद बूच असल्यामुळे कोणी कोणाच्या हातची म्हणून विचारत नसे. पटवारी घ्यायचा, मुनशी घ्यायचा, फौजदार घ्यायचा. बाजारच्या दिवशी गावोगावच्या बाया यायच्या. पण दारूच्या दुकानात बाई माणसानं कसं शिरायचं? मग माझं मागचं अंगणच त्यांचं दुकान झालं. कापूस वेचणाऱ्या, भाजी विकणाऱ्या, लेकरू कडेवर घेतलेल्या. मागच्या दारानं यायच्या, भिंतीकडे तोंड करून प्यायच्या, पदरानं तोंड पुसून झपझप निघून जायच्या. मी खोलीत वह्या तपासत असे, बाहेर बुचं उडत असत.

माझी बदली अमरावतीला झाली त्याच सुमाराची गोष्ट. सामान बांधून झालं होतं. बाजारचा दिवस होता, मी निरोप घ्यायला दुकानात गेलो. बाकांवर सात-आठ गडी बसले होते. आता तेही बीरच पीत. एवढ्यात गल्लीत बैलगाडी थांबली आणि एक कुणबीण खाली उतरली. पन्नाशीची, पायात जोडे, खांद्यावर धुळीनं भरलेली घोंगडी.

"कलालणीचं पानी इथंच भेटते का?" तिनं विचारलं.

म्हातारा भट्टीवाला म्हणाला, "हो माय. पर मांगून जा, बाया मांगून येतात."

"मांगून काहून?" ती म्हणाली. "हिवरखेडाहून आली मी. आमच्या गावचं पानी अमरूत हाये, तुमच्या गावचं तोंडात धरोत नाई. तहान लागली मले. मी काय चोरी करून राहिली, मांगून याले?"

आणि ती पुढच्या दाराची पायरी चढली.

बाकावरचे सगळे गडी तिच्याकडे बघत राहिले. कोणी उठेना, कोणी हलेना. त्या दुकानात पुढच्या दारानं बाई माणूस आलेलं कोणी कधी बघितलं नव्हतं. ती उंबऱ्यावर क्षणभर अडली. तेवढ्यात बाई आतून बाहेर आल्या. त्यांनी बाकावरून नजर फिरवली.

"सरका रे," त्या म्हणाल्या. "गिऱ्हाईक आलं."

सगळे सरकले. मीसुद्धा सरकलो. ती मधोमध बसली, स्वतःच्या हातानं सुतळी सोडली, बूच उडालं तशी दचकली आणि मग स्वतःशीच हसली. एका दमात बाटली संपवून तिनं समाधानानं मोठी ढेकर दिली. एका गड्याला हसू आलं. बाईंनी बघितल्यावर त्यानं ते गिळलं.

"आनखी एक दे वं माय," ती म्हणाली. "जावेसाठी. ते भाईर गाडीतच बसली हाये, लाजून राहिली."

भट्टीवाला बाटली घेऊन बाहेर निघाला. बाईंनी ती त्याच्या हातातून काढून घेतली आणि परत फळीवर ठेवली. मग पदर सारखा केला, पायऱ्या उतरल्या, गाडीपाशी गेल्या आणि त्या लाजणाऱ्या जावेला हाताला धरून खाली उतरवू लागल्या.